आतली माया

कुमुदताईच्या भाचीचा, अंजूचा फोन आला तेव्हा मी एका मुलीला बाहीचं माप घ्यायला शिकवत होते. "हिरामावशी, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. टेप माझ्या गळ्यात तशीच लोंबत होती आणि समोरची मुलगी, माप अजून चालू आहे असं समजून, हात आडवा धरून उभी होती. कुमुदताई नव्वदीला टेकली होती. वर्षभर अंथरुणावरच होती. बातमी येणार हे ठाऊक होतं. तरी ती आली तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार विचित्रच होता. मला वाटलं, आता माझ्या शिवणाला नावं कोण ठेवणार?

त्याला काही आठवडे झाले. भेटायला येणारे विचारतात, तुमची मैत्री जमली तरी कशी हो, ती ठाकूरद्वारच्या वाडीतली आणि तुम्ही काळाचौकीच्या चाळीतल्या? मी सांगते, तिने आम्हाला शिवणाचं मशीन विकलं होतं. लोक हसतात. पण झालं ते असंच. ही बाई आपल्याशी गोड बोलते ती मशीन खपवायचं म्हणून, की तिला आपल्याबद्दल खरंच काही वाटतं, हे ओळखताना माझी फार ओढाताण झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते ते. गिरणगावात रोज सभा, रोज मोर्चे, भिंती घोषणांनी रंगलेल्या. आणि मी आमच्या खोलीत मशीनपुढे बसून या एकाच गोष्टीचा विचार करत असे.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. मी सातवी पास होऊन घरी बसले होते, तर पोरीच्या हातात काही कसब यावं म्हणून त्यांनी पायमशीन घेतलं. मशीन घेतलं की ते खपवणारी कंपनीची बाईच घरी येऊन शिकवायची. ती बाई म्हणजे कुमुदताई. तिशीच्या आतबाहेरची, उंच, पांढरी पाचवारी नेसलेली, खांद्याला कंपनीची जाड कापडाची पिशवी. पहिल्याच दिवशी तिने घरातल्या सगळ्यांची नावं विचारली आणि निघेपर्यंत ती पाठ करून टाकली. आईने भीत भीत चहा पुढे केला. भीत भीत म्हणते, कारण आमचं धर्मांतर नुकतंच झालं होतं. आम्ही बौद्ध झालो होतो, पण चाळ होती तीच होती. शेजारच्या बायका दाराशी उभ्या राहून तोंडभरून बोलायच्या आणि चहाचं नाव काढलं की "आताच झालो गो" म्हणून निघायच्या. ही बाई मात्र आत आली, पाटावर बसली, कप रिकामा केला आणि वर म्हणाली, "चहात आलं छान लागतंय हं." मग माझी पहिली वेडीवाकडी टीप बघून तिने मान डोलावली. "हिराबाई, तुमच्या हाताला मुळातच वळण आहे."

मला तोवर कुणी हिराबाई म्हटलं नव्हतं आणि माझ्या हाताला काही आहे असंही कुणी सांगितलं नव्हतं. मी जमिनीपासून वीतभर वर चालत होते. आई मात्र साताऱ्याकडची, बारा गावचं पाणी पिऊन शहाणी झालेली. ती म्हणाली, "गोड बोलती, खरं हाय. पन त्यो तिचा धंदा हाय. दुकानदार न्हाई का, घ्यायला गेलं की ताई म्हनतो आन् पुढल्या गल्लीत वळखसुदिक देत न्हाई." मला आईचा राग आला. ठरलेले धडे संपले आणि तरी कुमुदताई येतच राहिली, तेव्हा मी आईला मुद्दाम म्हटलं, आता गं? आता कुठलं मशीन विकायचंय? आईने बोटांवर मोजून दाखवलं. माझं शिवण बघून आमच्या मजल्यावर एकीने मशीन घेतलं होतं, खालच्या मजल्यावर दुसरीने. "तुझ्या खोलीत बसून ती समदी चाळ बघती," आई म्हणाली.  त्या बाईच्या प्रत्येक चांगुलपणाला धंद्याचं एक कारण लागू पडत होतं, आणि ते कारण खोटं आहे असं मला छातीठोक सांगता येत नव्हतं.

मग सरूबाईने मशीन घेतलं. सरूबाई आमच्या शेजारची, कुडाळकडची, नुकतंच लग्न होऊन आलेली. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत फळ्यांची होती, तिकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळायचं. मी काज करत बसले होते आणि पलीकडून आवाज आला, "सरूबाई, तुमच्या हाताला मुळातच वळण आहे." तोच सूर, 'मुळातच'वर तोच दाब. मी सुई खाली ठेवली. थोड्या वेळाने, "चहात आलं छान लागतंय हं." आई चुलीपाशी होती, तिनेही ऐकलं. ती चूल फुंकत राहिली, आणि तेच मला जास्त लागलं. संध्याकाळी सरूबाई धावत आली. "गो हिरा, बाई काय सांगता ठाऊक आसा? माझ्या हाताक वळण आसा!" तिचा चेहरा इतका फुलला होता की मी म्हटलं, आहेच मुळी.

त्यानंतर मी कुमुदताईशी तुटक वागायला लागले. ती आली की काम आहे म्हणायचं, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. तिच्या ते लक्षात आलं असणार, तरी ती येत राहिली. तेवढ्यात चळवळ पुन्हा पेटली. हरताळ पडला, गिरण्यांचे भोंगे बंद झाले, लालबागच्या नाक्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या. लाठीमाराच्या बातम्या यायच्या, जमावबंदी लागायची, उठायची, पुन्हा लागायची. माझा मोठा भाऊ मोर्चात पकडला गेला. आई दारातून हलत नव्हती. तो सुटून आला, डोक्याला पट्टी बांधलेली, आणि माळ्यावर जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारी जमावबंदी उठलेली असताना दारात कुमुदताई उभी राहिली. घामाने डबडबलेली, चपलेचा अंगठा तुटलेला, आणि खांद्याला पिशवी नाही. तिला पिशवीशिवाय मी कधी पाहिलंच नव्हतं.

"कंपनी बंद आहे ना?" मी म्हटलं.

"बंदच आहे. तुझा भाऊ पकडला गेला असं कळलं. आला का घरी?"

"आला. ठाकूरद्वारहून चालत आलात तुम्ही?"

"ट्राम बंद आहेत. दुसरं काय करणार?"

खरं तर मी तिला आधी पाणी द्यायला हवं होतं. पण इतके दिवस आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मी म्हटलं, "भावाची चौकशी करायची हेसुद्धा कंपनीत शिकवतात का? हाताचं वळण, चहातलं आलं, आणि आता भाऊ?"

ती उंबऱ्यातच खाली बसली. मला वाटलं, रागावून निघून जाईल. ती म्हणाली, "वळणाचं वाक्य कंपनीचं आहे. पाठ करून घेतात आमच्याकडून. चहा नाकारायचा नाही, मुलांची नावं लक्षात ठेवायची, हेही त्यांचंच. आल्याचं तेवढं माझं मी घातलं." मला त्या क्षणीही हसू येत होतं, ते मी दाबलं. "पण हिरा, वळणाचं ते वाक्य मी तुला पुन्हा कधी म्हटलं, आठव बघू."

मी आठवलं... आणि खरंच, पहिल्या दिवसानंतर तिने माझं कौतुक म्हणून केलं नव्हतं. माझ्या कॉलरला ती म्हशीचे कान म्हणाली होती. बाहीचा मुंढा बगलेपाशी चुकला म्हणून संपूर्ण शिवण उसवायला लावली होती, तीही दोनदा. एकदा मी शिवलेली चोळी तिने उलटी केली आणि शिवणीवरून बोट फिरवत ओरडली होती, "आत माया कुठे ठेवलीस? उद्या अंग भरलं की बाई ही चोळी फेकून देणार का?" शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात त्याला आम्ही माया म्हणतो. बाहेरून ती दिसत नाही. माणूस अंगाने सुटला की तीच उपयोगी पडते.

"मशीन विकून झालं की त्या बाईच्या शिवणीकडे मी बघतसुद्धा नाही," कुमुदताई म्हणत होती. "छान आहे म्हणते आणि निघते. नावं ठेवायला वेळ लागतो. तो वेळ कंपनी देत नाही, तो माझा असतो." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुझं काय गं? मी फुकट शिकवते म्हणून तू चहा देत होतीस, की मी यावंसं वाटत होतं म्हणून? तुझ्या चाळीत कुणाला माझं नाव तरी माहीत आहे का? सगळ्या मला मशीनवाली म्हणतात. मशीन अडलं की मी आठवते. मलाही कुठे कळतं, कोण कशासाठी हसतंय ते?"

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती आमच्या घरात यायची ती तिचं काम म्हणून, पण रोज नव्या दारात उभं राहून हसायचं आणि कुणी आपल्याला आपल्या नावाने ओळखायचं नाही, हे कसं वाटत असेल... मी तिला पाणी दिलं. ती ते घटाघटा प्यायली.

आई इतका वेळ तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून ती सरळ कुमुदताईला म्हणाली, "बाई, रागावू नका. आमच्या घरी समदी येत्यात. मतं मागाया येत्यात, मशीन इकाया येत्यात. येनं सोपं असतंय. आपल्या घरी कोन बोलावतंय, ते मी बघती."

 कुमुदताईने पदराने तोंड पुसलं. "माझी आई सोवळ्याची आहे," ती म्हणाली. "सोपं जाणार नाही. पण येत्या रविवारी हिराला पाठवा. मी वाडीच्या तोंडाशी उभी राहते."

त्या रविवारी मी माझं मीच शिवलेलं पोलकं घालून गेले. कुमुदताई खरोखरच वाडीच्या तोंडाशी उभी होती, बहुधा बराच वेळ. तिचं लग्न झालेलं नव्हतं. वडील वारले होते, धाकटा भाऊ शिकत होता आणि घर तिच्या पगारावर चालत होतं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तिच्या आई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. पांढऱ्या लुगड्यातल्या, बारीक, नजर फार तीक्ष्ण. त्यांनी मला बस म्हटलं, मी बसले. "कुठच्या तुम्ही?" "काळाचौकीच्या." "ते कळलं हो. मूळच्या?" मी कुमुदताईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिनेच उत्तर दिलं असतं, आणि ते मला नको होतं. मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत."

माळ थांबली. कुमुदताई उठली आणि म्हणाली, "हिरा, चल, मशीन आत आहे." आत म्हणजे स्वयंपाकघरात. मधल्या दाराशी तिच्या आई म्हणाल्या, "अगं कुमुद, स्वयंपाक व्हायचाय अजून." ती म्हणाली, "होऊ दे ना. आम्ही दोघी जेवणार आहोत." तिने आवाज चढवला नाही की मागे वळून पाहिलं नाही. माझा हात मात्र तिने घट्ट धरला होता. आमच्या चाळीच्या पायऱ्या चढून ती यायची तेव्हा तिला काही गमवायचं नसायचं. इथे, स्वतःच्या घरात, आईदेखत, तिला गमवायचं होतं. तो हात मीही धरला आणि माझ्या मनातला प्रश्न तिथेच मिटला. पुढे आयुष्यात कधी तो मला पडला नाही.

आम्ही जेवलो. तिने वाढलं, वरण-भात, वांग्याची भाजी, ताक. तिच्या आई जेवल्या नाहीत; आज उपास आहे म्हणाल्या. कसला उपास ते मला कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. निघताना मी त्यांना नमस्कार केला, हात जोडून, लांबूनच. त्यांनीही हात जोडले. तेवढंच.

ही गोष्ट इथवर आली तेव्हा कंपनीतही कुजबुज सुरू झाली होती. तिच्या वरच्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "बाई, गिऱ्हाइकांशी गोड बोला, पण घरोबा नको." गिरणगावातलं काम काढून तिला उपनगरात पाठवायचं ठरवलं. हे मला तिने जिन्यावर उभं राहून हसत हसत सांगितलं आणि मग म्हणाली, "मी सोडून आले नोकरी."  तिच्या पगारावर घर होतं. मी म्हटलं, "ताई, असं कसं केलंस?" त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा ताई म्हटलं आणि पहिल्यांदाच 'तू'ही. तिला त्याचंच इतकं कौतुक वाटलं की नोकरीचं बोलणं बाजूला राहिलं.

शिवणवर्गाची कल्पना कुणाची, यावर आम्ही आयुष्यभर भांडलो. मी म्हणते तिची, ती म्हणायची माझी. चाळीच्या गणपती मंडळाची खोली वर्षभर रिकामी असायची, ती माझ्या भावाने दुपारपुरती मिळवून दिली. माझं मशीन आम्ही खाली उतरवलं, सरूबाईने तिचं दिलं, कुमुदताईने ठाकूरद्वारहून स्वतःचं हातगाडीवर आणलं. पहिल्या दुपारी कोकणातल्या बायका एका भिंतीला आणि आमच्यातल्या दुसऱ्या भिंतीला बसल्या. कुमुदताईने एका मशीनवर इकडची एक आणि तिकडची एक अशा जोड्या लावल्या. एकीने टीप मारायची, दुसरीने कापड सरकवायचं. कापड सरकवताना हाताला हात लागतोच. पहिल्या आठवड्यात दोघी यायच्या बंद झाल्या. नंतर त्याही परत आल्या, कारण बाकीच्यांच्या मुलांच्या अंगावर नवे सदरे दिसायला लागले होते. हळूहळू बाहेरची शिवायची कामंही येऊ लागली आणि त्यावर कुमुदताईचं घर चालू लागलं.

आणि मग मुंबईसह महाराष्ट्र झाला. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. नाक्यापासून चाळीपर्यंत पताका लावायच्या ठरल्या आणि त्या शिवायचं काम आमच्या वर्गाकडे आलं. गिरणीतल्या कापडाच्या तुकड्यांचे ढीग पडले होते. खोलीत बसायला जागा नव्हती, गॅलरीत मशीनं मांडली. माझा भाऊ शिड्यांवर चढून पताका बांधत होता आणि खालून कुमुदताई ओरडत होती, "ती उलटी लागलीय! शिवण आत घ्या!" साऱ्या गिरणगावाने गुलाल उधळला त्या दिवशीही तिला शिवणच दिसत होती. ढोल वाजत होते, माणसं एकमेकांना पेढे भरवत होती, आणि त्या गर्दीतून वाट काढत, धाकट्या मुलाचा हात धरून, पांढऱ्या लुगड्यातल्या कुमुदताईच्या आई आमच्या चाळीशी आल्या. पताका बघायला म्हणून. बघून झाल्या, तरी त्या निघेनात. मग म्हणाल्या, "हिरा कुठल्या मजल्यावर राहते?"

तिसऱ्या मजल्यावर चढून त्या आमच्या दारात आल्या. आई पुढे झाली.  आईने विचारलं, "काय इकाया आलाय का?"  त्या बाई धापा टाकत म्हणाल्या, "नाही हो. चोळी बेतून घ्यायला आलेय. कुमुदला सांगितलं तर ती म्हणते, तुझं तू जाऊन सांग." आईने पाट मांडला. चहा केला. त्यांनी कप हातात धरला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि प्यायल्या. कुमुदताई मागे दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती रडत होती आणि तिच्या गालांवरच्या गुलालाचे ओघळ होत होते.

पुढे त्या गेल्या तोवर त्यांच्या चोळ्या मीच शिवल्या. त्यांचं मन पालटलं होतं म्हणून, की माझी चोळी काचत नव्हती म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. मी कधी विचारलं नाही. इतकंच ऐकलं की शेजारणींना त्या सांगायच्या, आमच्या कुमुदची मैत्रीण शिवते.

वर्ग काळाचौकीहून लालबागला गेला, स्वतःच्या खोलीत. पुढे गिरण्या बंद पडल्या, चाळीच्या चाळी हवालदिल झाल्या, तेव्हा कितीतरी घरांच्या चुली आमच्याकडे शिकलेल्या बायकांच्या मशीनवर पेटत राहिल्या. कुमुदताई चालता येत होतं तोवर रोज आली, मग आठवड्यातून एकदा, मग अंजू टॅक्सीने आणायची तशी.

परवा वर्गात तिच्यासाठी जमलो. जुन्या बायका आल्या, त्यांच्या लेकी आल्या, काहींच्या नाती. भाषणं नकोत असं ठरलं होतं, पण एकीने सुरुवात केली: बाईंनी माझं पोलकं अख्ख्या वर्गासमोर उसवलं होतं. दुसरी म्हणाली, ते काहीच नाही, मला तर म्हणाल्या, ही बाही आहे की उशीचा अभ्रा? मग चढाओढच लागली. मला जेवढं बोलल्या तेवढं कुणालाच बोलल्या नाहीत, असं प्रत्येक बाई ठासून सांगत होती, रडत होती आणि हसत होती. मी ऐकत राहिले. मला त्यांच्यातल्या एकीचाही हेवा वाटला नाही.

शेवटी दोन मिनिटं उभं राहायचं होतं. उभ्या राहिलो. एवढ्या बायका त्या खोलीत असून इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. ती संपली तेव्हा मी म्हटलं, आज सुट्टी, जा आता घरी. यंदाच आलेली एक मुलगी म्हणाली, "मावशी, ऑर्डर द्यायचीय ना उद्या?" आणि जाऊन मशीनवर बसली. मग दुसरी बसली. मग ज्यांनी कित्येक वर्षांत मशीनला हात लावला नव्हता त्याही मिळेल त्या जागी बसल्या, एका मशीनवर दोघी-दोघी. खोलीतली सगळी मशीनं एकदम सुरू झाली, तावदानं हलायला लागली, खाली रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. मला हल्ली फार कमी ऐकू येतं. तो आवाज मात्र मी पुरता ऐकला.